गिनी पिग आणायच्या आधी त्याचं घर तयार करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या परीक्षा संपत आल्यात आणि आता घरोघरी मुलांची एकच भुणभुण सुरू होणार की आई मला पेट पाहिजे. कुत्र्याला वेळ द्यायला कुणी नसतं, मांजराला घरातल्या मोठ्यांचा विरोध असतो, मग शेवटी गाडी येऊन थांबते गिनी पिगवर, कारण तो छोटा आहे, भुंकत नाही, सहसा चावत नाही आणि काहीशे रुपयांत मिळतो. संध्याकाळी बाबा मुलाला घेऊन पेट शॉपमध्ये जातात, दुकानदार एक छोटा जाळीचा पिंजरा, एक मिक्स धान्याचं पाकीट आणि खोक्यात भोकं पाडून एक गिनी पिग देतो, आणि अर्ध्या तासात सगळे घरी. मी बरीच वर्षं गिनी पिग पाळतेय आणि आमच्या भागात कुणाचा आजारी पडला, कुणाला नकोसा झाला की माझ्याकडे फोन येतात, म्हणून हे पत्र लिहायला घेतलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी घर, गवत आणि डॉक्टर बघा, हे सगळं तयार झालं की मगच प्राणी आणा. हा क्रम उलटा होतो म्हणून हे जीव हकनाक जातात. नीट सांभाळला तर गिनी पिग पाच ते सात वर्षं जगतो, काही आठपर्यंतही जातात, म्हणजे पाचवीतल्या मुलासाठी आणलेला प्राणी त्याच्या दहावी बारावीपर्यंत घरात असणार आहे, हा हिशोब दुकानात उभं राहून होत नाही.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगररांगांमधला, पेरू, बोलिव्हिया त्या बाजूचा. तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला तो खाण्यासाठी, आजही पेरूमध्ये तो खातात, आणि सोळाव्या शतकात तो जहाजांतून युरोपात गेला आणि तिथे लाडाचा प्राणी झाला. हे सांगायचं कारण असं की थंड हवेचा, गवत खाणारा, कळपात राहणारा आणि कुणी शिकारी दिसला की बिळात पळणारा असा त्याचा पिंड आहे, आणि आपण त्याच्यासाठी जे काही तयार करायचं ते या चार गोष्टी धरूनच करायचं.

आता घराबद्दल. दुकानात गिनी पिगचा पिंजरा म्हणून जे विकतात ते बहुतेक पक्ष्यांचे नाहीतर हॅमस्टरचे पिंजरे असतात, दीड फूट बाय एक फूट वगैरे. गिनी पिग पूर्ण वाढला की ७०० ग्रॅम ते १२०० ग्रॅमपर्यंत होतो आणि तो उंच चढणारा प्राणी नाहीये, तो पळणारा प्राणी आहे, त्याला उंची नको, जमीन पाहिजे. दोन मजली तीन मजली पिंजरे दिसायला छान दिसतात पण त्याला त्याचा उपयोग नाही आणि वरून पडला तर हाड मोडतं. दोन गिनी पिगसाठी कमीत कमी साडेसात चौरस फूट तरी सलग जागा हवी आणि जमलं तर दहा साडेदहा. आपल्या वन बीएचके टू बीएचकेमध्ये हे ऐकून लोक दचकतात, पण दिवाणाखालची जागा मोजून बघा, हॉलच्या भिंतीलगतची जागा मोजून बघा, निघते जागा. जर खरंच निघत नसेल तर आणू नका, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही.

जाळीचा तळ हा मला सगळ्यात जास्त खटकणारा प्रकार. दुकानदार सांगतो की लेंड्या खाली पडतात, साफ करायला सोपं. पण गिनी पिगचे तळवे बघा कधीतरी हातात घेऊन, गुलाबी, मऊ, केस नसलेले, आपल्या बाळाच्या तळव्यासारखे असतात. तारेवर चोवीस तास उभं राहून ते आधी लाल होतात, मग सुजतात, मग त्याला खपली धरते आणि आत पू होतो, आणि एकदा हाडापर्यंत गेलं की बरं होणं फार अवघड. कधी कधी पाय तारेत अडकून मोडतोसुद्धा. त्यामुळे तळ सपाट आणि भरीव पाहिजे, यात तडजोड नाही.

मी लोकांना जे घर करायला सांगते ते असं. ऑनलाइन लोखंडी जाळीचे चौकोन मिळतात, कपड्यांचे रॅक करायला विकतात ते, साधारण चौदा इंचाचे, त्यांना जोडायला प्लास्टिकच्या चकत्या येतात आणि शिवाय झिप टायने बांधून घ्यायचं. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला चार असे लावले की साधारण २८ इंच बाय ५६ इंच जागा होते, दोन जणांना पुरते. जाळीची भोकं मात्र बारीक बघून घ्या, दीड इंचाच्या वर असतील तर पिल्लू डोकं घालतं आणि अडकतं. खालच्या तळाला सनपॅक शीट, म्हणजे ज्याच्यावर जाहिरातींचे बोर्ड छापतात ते पोकळ प्लास्टिकचं शीट, फ्लेक्सवाल्याकडे आठ बाय चारचं सहज मिळतं. त्याच्या चारही बाजू पाच सहा इंच दुमडून ट्रेसारखा करायचा, दुमडायच्या रेषेवर कटरने फक्त वरचा थर कापायचा, आरपार नाही, आणि कोपरे बाहेरून पॅकिंग टेपने पक्के करायचे. आतून टेप लावली तर ते कुरतडतात. असं घर दुकानातल्या पिंजऱ्यापेक्षा कितीतरी पट मोठं होतं आणि खर्च फार तर तेवढाच. वर झाकण हवं की नको हे तुमच्या घरावर आहे, गिनी पिग स्वतः उडी मारून बाहेर यायचा नाही, पण खिडकीतून मांजर येत असेल, जुन्या वाड्यात घुशी असतील किंवा घरात कुत्रा असेल तर वरूनही त्याच जाळ्या लावाच. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी आणि कोकणातल्या लोकांनी तर सापाचाही विचार करावा.

अंथरायला काय हा पुढचा प्रश्न. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून लोक तोच आणतात, पण तो कुठल्या लाकडाचा आहे, त्यात प्लायवूडचा गोंद किती आहे, पॉलिश किती आहे काही माहिती नसतं, आणि बारीक धुळीने या प्राण्याला लगेच सर्दी होते, आणि त्याची सर्दी म्हणजे आपल्यासारखी चार दिवसांत बरी होणारी नाही, न्यूमोनियावर जाते. देवदार आणि कच्च्या पाइनचा भुसा तर वासामुळेच घातक. आपल्याकडे सगळ्यात परवडणारा मार्ग म्हणजे खाली जुना टॉवेल किंवा जुन्या गोधडीचा थर आणि त्यावर फ्लीसचं कापड, ते हिवाळ्यात स्वस्तातली मऊ ब्लँकेट विकतात ना तेच. नवीन फ्लीस दोन चार वेळा गरम पाण्याने धुवून घ्या, कंडिशनर घालायचं नाही, मग त्यातून लघवी खाली झिरपते आणि वरचा भाग कोरडा राहतो. पाणी टाकून बघा, थेंब वरच तरंगत राहिला तर अजून एकदा धुवा. नुसती सुती चादर चालत नाही, ती ओली राहते आणि प्राणी त्या ओल्यात बसून राहतो. लेंड्या रोज झाडून काढायच्या, कापड तीन चार दिवसांनी बदलायचं. आणि असे कमीत कमी तीन चार सेट शिवून ठेवा, कारण जुलै ऑगस्टमध्ये काही वाळत नाही, आणि दमट कापडावर ठेवलं की बुरशीचा संसर्ग होतो, तो माणसालाही लागतो, मुलांच्या हातावर गोल गजकर्णासारखे चट्टे येतात आणि मग सगळा दोष प्राण्यावर जातो.

घरात लपायला जागा हवीच. प्रत्येक प्राण्याला एक, आणि अशा प्रत्येक जागेला दोन दारं, म्हणजे एक जण आत असताना दुसरा आला तर पहिल्याला बाहेर पडता यावं. त्यासाठी विकत काही आणायची गरज नाही, बुटांचे खोके, ऑनलाइन पार्सलचे खोके, टेप आणि पिना काढून टाका आणि दोन बाजूंनी भोकं करा, कुरतडून संपलं की नवीन. पळायचं चाक आणि तो पारदर्शक बॉल मात्र अजिबात घेऊ नका, हॅमस्टरचा पाठीचा कणा वाकतो, गिनी पिगचा तसा वाकत नाही, त्यात पाठीला आणि पायाला इजा होते. दुकानात आग्रहाने विकतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

घर कुठे ठेवायचं हे आपल्या हवेत सगळ्यात महत्त्वाचं. याला साधारण १८ ते २४ अंश तापमान मानवतं, २७-२८ च्या वर गेलं की त्रास सुरू होतो, याला आपल्यासारखा घाम येत नाही. आणि आपल्याकडे मार्चपासूनच काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. बाल्कनी, गच्चीवरची खोली, पत्र्याखालची जागा ही तिन्ही बाद. घरातली सगळ्यात थंड खोली कुठली, दुपारी दोनला कुठे कमी तापतं, हे एक साधा थर्मामीटर ठेवून प्राणी आणायच्या आधीच बघून घ्या. विदर्भ मराठवाड्यात कोरडी हवा असते तिथे कूलर चालतो, फक्त वारा थेट अंगावर नको, मुंबई कोकणात दमटपणामुळे कूलरचा काही उपयोग नाही, तिथे पंखा आणि दुपारी एसी. कडप्प्याचा किंवा शहाबादी फरशीचा तुकडा घरात ठेवला तर ते स्वतःहून त्यावर पसरतात. लाइट जाते त्या दिवसांसाठी प्लास्टिकच्या बाटल्यांत पाणी गोठवून फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि जाड फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवायचं, म्हणजे नको वाटलं तर त्याला लांब जाता येतं. आडवा पडून भरभर श्वास घेतोय, तोंडाला लाळ आलीये असं दिसलं तर तो उष्माघात, लगेच थंड जागेत न्या, कान आणि पाय साध्या गार पाण्याने ओले करा, बर्फाच्या पाण्याने नाही, आणि डॉक्टरकडे पळा. माझं तर स्पष्ट मत आहे की नागपूर चंद्रपूर अकोल्याकडे ज्यांच्या घरी मेमध्ये दिवसभर कूलर किंवा एसी चालू ठेवणं शक्य नाही त्यांनी हा प्राणी आणूच नये.

स्वयंपाकघराजवळही नको. फोडणीचा खकाणा, मिरच्या भाजतानाचा ठसका, उदबत्ती धूप, डासांची कॉइल, हे सगळं त्याच्या फुप्फुसांना जड जातं. टीव्हीच्या स्पीकरशेजारी नको. दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत आतल्या खोलीत हलवा आणि एका बाजूने चादर टाका, हवा खेळती ठेवून.

आता खाण्याबद्दल, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त चुकीची माहिती इथेच आहे. गिनी पिगचं मुख्य खाणं म्हणजे वाळलेलं गवत. भाजी नाही, धान्य नाही, पेलेट्स म्हणजे दाबून केलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या नाहीत, गवत. त्याचे सगळे दात, पुढचे आणि दाढासुद्धा, आयुष्यभर वाढत राहतात आणि तासन्‌तास गवत चघळूनच ते झिजतात. गवत कमी पडलं की दाढा आतल्या बाजूला वाढतात, जिभेवर पूल बांधल्यासारख्या येतात आणि प्राण्याला भूक असते पण गिळता येत नाही. आतड्यांची हालचालही गवताच्या धाग्यावरच चालते. म्हणून गवत चोवीस तास, पाहिजे तेवढं, त्याच्या अंगाएवढा ढीग रोज. ‘टिमोथी हे’ म्हणजे टिमोथी नावाच्या वाळलेल्या गवताचं जे पाकीट येतं ते उत्तम पण महाग आहे, लहान पाकिटं घेण्यापेक्षा दोघा तिघांनी मिळून मोठं पोतं ऑनलाइन मागवलं तर परवडतं. हातात घेऊन बघा, हिरवट रंग आणि गोडसर वास असला तर चांगलं, पिवळं पडलेलं आणि झटकलं की धूळ उडतेय असं असेल तर परत करा. गावाकडे ओळखीचं शेत असेल, फवारणी नसेल, तर बांधावरचं बारीक गवत सावलीत वाळवूनही चालतं. ताजी हरळी म्हणजे दूर्वा सगळ्यांना प्रचंड आवडते, फक्त रस्त्याकडेची आणू नका, आणि पावसाळ्यात भिजलेली तशीच ढीग करून टाकू नका, ती आतून गरम होते आणि पोट फुगतं, पसरून पाणी निथळू द्या मग द्या. भाताचा पेंढा आणि ज्वारीचा कडबा चालेल का असं खूप जण विचारतात, त्यात पोषण कमी असतं आणि टोकं डोळ्यात घुसतात, गवताच्या ऐवजी ते नको. लसूणघास, म्हणजे ज्याला लुसर्न किंवा अल्फाल्फा म्हणतात, ती सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना रोज दिली तर त्यातल्या कॅल्शियममुळे मूतखडे होतात.

गवत साठवायचं ते कापडी किंवा कागदी पोत्यात, जमिनीपासून वर, हवाबंद प्लास्टिकमध्ये कोंडू नका, पावसाळ्यात आतून बुरशी धरते. खायला देताना तारेच्या गोल बॉलमध्ये घालू नका, त्यात डोकं अडकतं, त्यापेक्षा खोक्याला मोठं भोक पाडून त्यात भरून ठेवा.

दुसरी गोष्ट व्हिटॅमिन सी. माणसासारखंच गिनी पिगच्या शरीरात हे तयार होत नाही, रोज बाहेरून द्यावं लागतं, नाहीतर स्कर्व्ही होतो, सांधे दुखतात, चालायला नको होतं, हिरड्यांतून रक्त येतं, केस राठ होतात. नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांना १९०७ मध्ये हाच आजार गिनी पिगमध्ये दिसला आणि त्यातूनच पुढे माणसांच्या स्कर्व्हीचा आणि व्हिटॅमिन सीचा अभ्यास मार्गी लागला, म्हणजे या जिवाचे आपल्यावर उपकारच आहेत. रोजची गरज वजनाच्या किलोमागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम. मध्यम आकाराच्या ढोबळी मिरचीचा पाव भाग बिया काढून दिला तरी एका प्राण्याची गरज बऱ्यापैकी भागते. शिवाय कोथिंबीर, थोडा शेपू, काकडी, अधूनमधून गाजराची चकती, पेरूची छोटी फोड. सगळं मिठाच्या पाण्यात नव्हे, साध्या पाण्यात दोन तीनदा धुवून, कोथिंबिरीवर फवारे फार असतात. पाण्याच्या बाटलीत व्हिटॅमिनचे थेंब टाकू नका, ते उजेडात काही वेळातच उतरतात आणि चव बदलली म्हणून प्राणी पाणीच कमी पितो. पेलेट्स घेतले तर साधे, गिनी पिगसाठीचेच घ्या, रोज एक दोन चमचे बस, आणि पाकिटावरची तारीख बघा कारण त्यातलं सी तयार झाल्यापासून तीनेक महिन्यांत कमी होत जातं. सशाचं खाणं देऊ नका, ससा स्वतःचं सी स्वतः तयार करतो म्हणून त्याच्या खाण्यात ते घालत नाहीत. आणि ते रंगीबेरंगी मिक्स, सूर्यफुलाच्या बिया, मका, वाटाणे वगैरे, ते आणूच नका.

कांदा, लसूण, बटाटा आणि त्याचे कोंब, टोमॅटोचा पाला, ॲव्होकॅडो, चॉकलेट यातलं काही द्यायचं नाही. पोळी, बिस्कीट, दूध, वरणभात पण नाही, घरातल्या मोठ्यांना हे प्रेमाने पण ठामपणे सांगावं लागतं. कोबी फ्लॉवरने पोट फुगतं, पालक क्वचित.

पाण्यासाठी नळीची बाटली, ज्याच्या टोकाला छोटा छर्रा असतो ती, आणि एक नाही दोन लावा. रोज सकाळी बोटाने छर्रा दाबून थेंब येतोय का बघायचं, कारण गवताचा तुकडा अडकून नळी बंद पडते आणि बाटली भरलेली दिसते म्हणून आपल्याला कळतच नाही. उन्हाळ्यात हे प्राण्याच्या जिवावर बेततं. खाण्याचं भांडं मात्र जड मातीचं किंवा चिनीमातीचं, प्लास्टिकचं उलटं करून टाकतात.

आता संख्या. हा कळपातला प्राणी आहे, एकटा ठेवला की गप्प बसून राहतो आणि लोकांना वाटतं किती शांत आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ च्या प्राणी संरक्षण नियमांनुसार गिनी पिग एकटा ठेवताच येत नाही. म्हणून दोन आणा, पण दोन माद्या किंवा एकत्र वाढलेले दोन नर. आणि ही खात्री दुकानदाराच्या शब्दावर करू नका. आमच्याच ओळखीच्या एका घरी दोन्ही माद्याच आहेत असं सांगून दिलेली जोडी आली आणि दोन महिन्यांत पिल्लं झाली, मग लगेच परत झाली, कारण मादीला पिल्लं झाल्या झाल्या काही तासांत पुन्हा गर्भ राहू शकतो. गर्भ साधारण दोन ते सव्वादोन महिन्यांचा असतो, नर पिल्लू तीन आठवड्यांतच वयात येतं, त्यामुळे हा आकडा बघता बघता वाढतो. त्यातून मादी सहा सात महिन्यांची व्हायच्या आत पहिलं बाळंतपण झालं नसेल तर तिच्या कमरेची हाडं जुळून घट्ट होतात आणि नंतर बाळंतपणात ती दगावू शकते. घरात पिल्लं पाहिजेत हा हट्ट म्हणून नकोच. आणल्यावर पहिल्या आठवड्यातच डॉक्टरकडून नर मादी तपासून घ्या. ससा आणि गिनी पिग एका पिंजऱ्यात ठेवू नका, सशाची लाथ जोरात बसते आणि त्याच्या नाकात असलेले काही जंतू त्याला काही करत नाहीत पण गिनी पिगला न्यूमोनिया होतो.

डॉक्टर ही खरी अडचण. मुंबई पुण्यात लहान प्राण्यांचे जाणकार डॉक्टर आहेत, पण तालुक्याच्या गावी जे आहेत ते गाई म्हशींचे, शेळ्यांचे, फार तर कुत्र्याचे. ते आपापल्या कामात हुशार आहेतच, पण या प्राण्याची औषधं वेगळी आहेत. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन, अँपिसिलिन ही जी औषधं कुत्र्याला माणसाला सर्रास देतात ती गिनी पिगच्या पोटात गेली तर आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि काही दिवसांत प्राणी जातो. घरातलं उरलेलं सिरप तर कधीच पाजू नका. म्हणून प्राणी आणायच्या आधी दोन तीन डॉक्टरांना फोन करून सरळ विचारा की तुम्ही गिनी पिग बघता का, रात्री काही झालं तर कुठे न्यायचं, आणि नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा. आणि किचनचा डिजिटल वजनकाटा घ्या, दर रविवारी वजन करून वहीत लिहा. हा शिकार होणारा प्राणी, आजार लपवतो, खाताना दिसतो पण वजन मात्र उतरत असतं, ते काट्यावरच कळतं. आठवड्यात पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त उतरलं तर वाट बघू नका. बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, तर ती इमर्जन्सीच, उद्या बघू असं करायचं नाही. तो स्वतःच्या काही लेंड्या तोंडाने उचलून खातो ते मात्र आजाराचं लक्षण नाही, त्यातून त्याला पोषण मिळतं, मुलांनी ई केलं तरी त्याला थांबवू नका.

आणायच्या दिवशी घर आधीच मांडलेलं, गवत भरलेलं, बाटल्या लावलेल्या असू द्या. सकाळी लवकर आणा, दुपारच्या उन्हात स्कूटरवर नको. खोक्यात खाली टॉवेल, मूठभर गवत आणि काकडीचा तुकडा ठेवा म्हणजे वाटेत पाणी सांडायचा प्रश्न नाही. घरी आल्यावर दोघांना आत सोडा आणि बाजूला व्हा. पहिले काही दिवस ते खोक्यातून बाहेरच येणार नाहीत, मुलांना ते जड जातं पण हात घालून ओढून काढू नका, जमिनीवर शेजारी बसून अभ्यास करायला सांगा, त्याला आवाजाची आणि वासाची सवय होऊ दे. मग एक दिवस फ्रीजचं दार उघडल्याचा किंवा कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज आला की आतून जोरात शीळ घालायला लागतील, आणि रात्री सगळं शांत असताना मोकळ्या जागेत जागच्या जागी टुणकन उड्या मारतील. उचलताना एक हात छातीखाली आणि एक हात मागच्या पायांखाली, मुलांनी खाली बसूनच घ्यायचं, उभं राहून नाही, हातातून सुटला तर तेवढ्या उंचीवरूनही पाय मोडतो.

शेवटी तुमच्या वृत्तपत्राच्या माध्यमातून काही मागण्या मांडायच्या आहेत. २०१८ च्या पेट शॉप नियमांमध्ये गिनी पिगचा उल्लेख आहे आणि दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, ती नोंदणी आहे का हे गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात करावी, कुणी विचारतच नाही म्हणून चाललंय. दुकानदारांनी प्रत्येक प्राण्याबरोबर मराठीत एक छापील कागद द्यावा, त्यावर वय, नर की मादी, काय खायचं, काय नाही, किती जागा लागते एवढं असलं तरी पुष्कळ, आणि जाळीच्या तळाचे ते पिंजरे गिनी पिगसाठी म्हणून विकणं बंद करावं. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे आपली पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे आठवड्यातून एक दिवस तरी ससे, गिनी पिग, पक्षी यांच्यासाठी वेगळी ओपीडी ठेवून तिची जाहिरात करता आली आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या डॉक्टरांसाठी छोटं प्रशिक्षण ठेवता आलं, तर परभणीच्या माणसाला रात्री पुण्याला गाडी काढावी लागणार नाही. आणि शाळांनी सुट्टी लागायच्या आधीच्या पालक सभेत हा विषय पाच मिनिटं घ्यावा.

मोठं पत्र झालंय याची कल्पना आहे, पण यातलं काही गाळायचं असेल तर कृपया उन्हाचा, गवताचा आणि औषधांचा भाग गाळू नका. आणि शक्य झाल्यास एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच छापावं, कारण खरेदी त्यानंतर सुरू होते.

आपली नियमित वाचक,
सिंहगड रस्ता, पुणे